मॅक्रो : ताटातला, भिंगातला, मागावरचा
सोलापूरच्या ज्या ताटात ज्वारीची कडक भाकरी आणि कुटून तेल सुटलेली शेंगदाण्याची चटणी शेजारी वाढतात, त्यात आहारशास्त्राचे तिन्ही ‘मॅक्रो’, म्हणजे कर्बोदके, प्रथिने नि स्निग्ध पदार्थ, सुखाने नांदतात. कारण 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 70 ग्रॅम कर्बोदके असतात, तर तितक्याच शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने आणि त्याहूनही अधिक स्निग्धांश. छायाचित्रणातल्या मॅक्रो भिंगाने त्याच ज्वारीचा दाणा सेन्सरवर मूळ आकाराएवढा उमटतो.

संगणकातला मॅक्रो म्हणजे एका नावाखाली बांधून ठेवलेली हुकमांची मालिका; नाव घेताच जमाखर्चाच्या तक्त्यातली दरमहाची तीच मांडणी कारकुनाच्या श्रमावाचून पार पडते. ही कल्पना डोळ्यांनी पाहावयाची असेल, तर मी सोलापुरी चादरीच्या मागावरील जॅकार्ड यंत्रणेकडे बोट दाखवीन : 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध झालेल्या या यंत्रणेत प्रत्येक पुठ्ठ्यावर आडव्या धाग्याच्या एकेका फेकीचा हुकूम कोरलेला असतो, छिद्र असेल तेथे उभा धागा उचलला जातो, नसेल तेथे खालीच राहतो, आणि पुठ्ठ्यांची माळ पुन्हा फिरली की तीच नक्षी पुन्हा अवतरते. चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवून त्याबरहुकूम पुठ्ठे पाडणाऱ्या कारागिराची विद्या मला संगणकाच्या आज्ञा लिहिणाऱ्याच्या विद्येहून तिळमात्र उणी वाटत नाही.