न्यायनिर्णय-शोधसाधन, संगणकीय अभिकर्त्यांसाठी

न्यायालयीन निर्णयांच्या संग्रहातून विचारलेल्या मुद्द्याशी किंवा संदर्भाशी जुळणारे निर्णय काढून देणाऱ्या संगणकीय साधनास न्यायनिर्णय-शोधसाधन म्हणतात. असे साधन कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या अभिकर्त्याच्या (एजंटच्या) हाती द्यावयाचे असल्यास त्यासोबत एक लेखी वर्णन जोडावे लागते. साधनाचे नाव, त्याचा उपयोग, त्यास पुरवावयाच्या माहितीचे स्वरूप आणि मिळणाऱ्या उत्तराचा अर्थ या गोष्टी त्यात येतात. अँथ्रॉपिक या संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसृत केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या संकेतप्रणालीत अशा वर्णनाची ठराविक मांडणी दिलेली आहे. साधनाची अंतर्गत रचना अभिकर्त्यास सहसा दिसत नाही. वर्णन वाचूनच ते केव्हा व कसे वापरावयाचे हे तो ठरवितो. म्हणून वर्णनातील उणीव साधनातील उणिवेइतकीच घातक ठरते.

पूर्वनिर्णय शोधण्याची साधने जुनी आहेत. एखाद्या निर्णयाचा पुढे कोठे कोठे उल्लेख झाला, हे दाखविणाऱ्या सूची फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये शिकागो येथे काढण्यास प्रारंभ केला. भारतात १८७५ च्या अधिनियमाने इंडियन लॉ रिपोर्ट्स या मालिकेस अधिष्ठान दिले. नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरच्या खंडांत १९१४ पासूनचे निर्णय आहेत. लेक्सिस ही संगणकीय सेवा १९७३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. इंडियन कानून (२००८) आणि सर्वोच्च न्यायालयाचे ई-एससीआर (२०२३) यांमुळे भारतीय निर्णय विनामूल्य पाहता येऊ लागले. या साधनांचा वाचक मुख्यतः वकील असे, आणि सूचीत जे लिहिलेले नसे ते तो अनुभवाने भरून काढी.

न लिहिलेले अभिकर्ताही भरून काढतो, पण संभाव्य वाटणाऱ्या शब्दांनी. न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयापुढील माटा विरुद्ध एव्हिएंका या दाव्यात विमानप्रवाशाच्या वकिलांनी दाखल केलेल्या लेखात चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात कधीच न दिलेले निर्णय आढळले. २२ जून २०२३ रोजी न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. तेथे चॅटजीपीटीने निर्णयसंग्रहात शोध घेणारे साधन वापरलेले नव्हते; मात्र साधन हाती असूनही त्याच्या उत्तराचा चुकीचा अर्थ लावला गेल्यास असाच अनर्थ संभवतो.

या दृष्टीने वर्णनातील सर्वांत काळजीपूर्वक लिहावयाचा भाग म्हणजे रिकाम्या उत्तराचा अर्थ होय. निर्णय मिळाला नाही, याचे कारण तो अस्तित्वात नाही, संग्रहात समाविष्ट झालेला नाही किंवा संदर्भ चुकीच्या रूपात दिला गेला, यांपैकी कोणतेही असू शकते. अमेरिकेतील फ्री लॉ प्रोजेक्ट या संस्थेने कोर्टलिसनर या आपल्या संग्रहावर २०२४ मध्ये सुरू केलेली संदर्भपडताळणीची सेवा हा भेद अंकांनी दर्शविते : निर्णय सापडल्यास २००, एकाहून अधिक जुळल्यास ३००, अहवालमालिकेचे नावच ओळखता न आल्यास ४००, आणि संदर्भ रीतसर असूनही निर्णय न सापडल्यास ४०४. मागण्यांची मर्यादा ओलांडल्यास ४२९ हा अंक मिळतो. तेव्हा निर्णय तपासलेलाच नसतो. ४०४ वरून निर्णय बनावट असल्याचा संशय घेता येतो, निष्कर्ष काढता येत नाही. हे वर्णनात स्पष्ट वाक्याने सांगितले नाही, तर पक्षकाराचा खरा आधारही खोटा म्हणून वगळला जाईल.

संदर्भाची कोणती रूपे साधन स्वीकारते, हेही सांगणे अवश्य असते. ए.डी.एम. जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला हा एकच निर्णय ए.आय.आर. १९७६ एस.सी. १२०७ आणि (१९७६) २ एस.सी.सी. ५२१ अशा दोन्ही संदर्भांनी ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वर्ष, आयएनएससी ही अक्षरे व अनुक्रमांक असा प्रकाशकनिरपेक्ष संदर्भ सुरू केल्याने हा गोंधळ काहीसा कमी झाला. ई-कोर्ट्स प्रकल्पातील १६ वर्णांचा सीएनआर क्रमांक मात्र खटल्याचा असतो, निर्णयाचा नव्हे. मराठीत खटला आणि निर्णय हे दोन शब्द निराळे आहेत. इंग्रजी वर्णनांत ‘केस’ हा एकच शब्द दोहोंसाठी योजला जातो व तेथेच घोटाळा होतो.

जबलपूर निर्णयाचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. आणीबाणीत स्थानबद्ध व्यक्तीस बंदीप्रत्यक्षीकरणासाठी उच्च न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असे त्यात बहुमताने ठरले, न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय मोडीत काढला. तथापि स्थानबद्धतेविषयीच्या शोधात केवळ शब्दसाम्यामुळे तो अग्रक्रमाने येऊ शकतो. साधन निर्णयाची उत्तरकालीन स्थिती तपासत नसेल, तर ती उणीव वर्णनाच्या प्रारंभीच नमूद करावी लागते. कारण अभिकर्त्याने काढून दिलेल्या आधारावर एखाद्या कैद्याचा अर्ज लिहिला जात असतो.