गाडी लागते का?

वाकड पुलापाशी मुंबईची बस धरताना काही जण हट्टाने पुढची, खिडकीजवळची जागा पकडतात. हातात लिंबू, खिशात प्लॅस्टिकची पिशवी. बोरघाट सुरू झाला की त्यांना गाडी लागते. यांच्यातलं कुणी पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेलं, की भूलतज्ज्ञही तेच विचारतात, "प्रवासात गाडी लागते का?"

ऑपरेशन पोटाचं आणि चौकशी घाटाची! पण त्या उत्तरावर पुढची इंजेक्शनं ठरतात.

भूल उतरल्यावर साधारण दहातल्या तिघांना मळमळ किंवा उलटी होते. टाके ताणले जातात, घरी जाणं लांबतं. १९९९ साली आप्फेल या भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धोका मोजायला चार मुद्दे निवडले: रुग्ण स्त्री असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागणं किंवा आधीच्या भुलेनंतर उलटी झालेली असणं, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गातलं वेदनाशामक लागणं. एकही मुद्दा लागू नसेल तर शंभरातल्या सुमारे १० जणांना त्रास होतो. चारही असतील तर सुमारे ८० जणांना. (म्हणून कुणी विडी पेटवू नये, भुलेत धूम्रपानाची किंमत फुप्फुसं मोजतात.)

उलटीचा हुकूम मेंदूच्या तळाशी सुटतो. तिथल्या एका भागाला रक्तातल्या रसायनांपासून नेहमीचा आडोसा नसतो, त्यामुळे भुलेची औषधं त्याला लगेच जाणवतात. आतड्यांतून सुटलेलं सेरोटोनिनही चेतातंतूंमार्फत तिथे वर्दी देतं. ऑन्डान्सेट्रॉन हे औषध सेरोटोनिनची ही वाट अडवतं. मोठ्यांना बहुधा ४ मिलिग्रॅम, ऑपरेशन संपत येताना, सलाईनच्या सुईतून सावकाश देतात. गोळी दिली तर तीच उलटून पडायची! डेक्सामेथासोन हे दुसरं औषध मात्र भूल चढल्याबरोबर देतात, कारण त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. त्याने साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह असल्यास आधीच सांगावं.

२००४ साली या औषधांची पाच हजारांहून अधिक रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसलं, की यातलं प्रत्येक औषध एकटं धोका सुमारे पाव हिश्शाने कमी करतं. दोन्ही दिली तर दुसरं उरलेल्या धोक्यातून आणखी पाव हिस्सा उतरवतं. म्हणूनच जास्त धोक्याच्या रुग्णाला एकाहून अधिक औषधं देतात.

गंमत म्हणजे हेच ऑन्डान्सेट्रॉन घाटात फारसं कामाचं नाही. गाडी लागण्याची तक्रार कानाच्या आतल्या तोलयंत्रातून निघते, तिची वाट वेगळी.

तपासणीच्या खोलीत लाजून "नाही, तसं काही नाही" म्हणणारे पुष्कळ. खिशातल्या पिशवीची गोष्ट तिथे जरूर सांगा.