वाळूतली मिरास

रमजानचा चाँद दिसायला अजून अडीच आठवडे होते. माघ पौर्णिमेच्या संध्याकाळी मी जैसलमेरजवळ, सम गावच्या वाळूत बसले होते. तिथला मरु महोत्सव दरवर्षी याच पौर्णिमेला संपतो. आमच्या स्टाफरूममधून आम्ही सहा जण गेलो होतो, चौघे डोंबिवलीचे, एक ठाण्याच्या मॅडम आणि कल्याणची मी. बोरिवलीहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर, पुढे गाडीने जैसलमेर.

मिशांची आणि साफा बांधायची स्पर्धा आधीच शहरात उरकली होती. शेवटच्या दिवशी सगळी गर्दी चाळीस किलोमीटरवरच्या वाळूच्या टेकड्यांकडे सरकते. दुपारी उंटांच्या शर्यती झाल्या. सूर्य बुडाला आणि दहा मिनिटांत वाळू अशी गार पडली की आमच्या मंडळींनी बॅगेतली प्रत्येक शाल बाहेर काढली. समोर मोठा मंच, रंगीत दिवे, कान फुटतील असे स्पीकर. मुख्य आकर्षण रात्री उशिरा येणारे सिनेगायक. त्याआधीचा थोडा वेळ मांगणियारांचा.

मांगणियार हे जैसलमेर-बाडमेर भागातले मुसलमान गवई. पांढरे कपडे, डोक्यावर झळझळीत साफे. एकाच्या हातात खरताल, म्हणजे लाकडाच्या साध्या पट्ट्या. आपल्या कीर्तनकारांच्या चिपळ्यांना झांजा असतात, यांना त्याही नाहीत. तरी त्यातून पावसाच्या सरीपासून घोड्याच्या टापांपर्यंत सगळं निघत होतं. दुसऱ्याच्या मांडीवर कमायचा. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, आतड्याच्या तारा आणि गज. त्याचा आवाज खर्जातला, घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. त्यांनी एक संथ गाणं जेमतेम सुरू केलं आणि मागून 'निंबुडा, निंबुडा' असा ओरडा झाला. १९९९च्या 'हम दिल दे चुके सनम'नंतर मांगणियारांचं हे गाणं सगळ्यांना ठाऊक झालं. संथ गाणं अर्ध्यावर सोडून त्यांनी फर्माईश पुरी केली. टाळ्या भरपूर पडल्या. त्यातल्या काही आमच्याही होत्या.

नंतर मी चहाच्या शोधात मंचाच्या मागे गेले, तर तो कमायचावाला शेकोटीपाशी बसून वाद्याला गवसणी घालत होता. साठीच्या पुढचा असेल. मी सलाम केला. त्याने दचकून वर पाहिलं, सलामाचं उत्तर दिलं आणि सरकून जागा केली. ते अर्धवट राहिलेलं गाणं कसलं होतं, मी विचारलं. म्हणाला, "मूल जन्मल्याचं. कृष्णाच्या जन्माचं म्हणा, यजमानाच्या नातवाचं म्हणा, गाणं एकच."

त्याचे यजमान राजपूत. पिढ्यान् पिढ्या त्या घरांतली लग्नं, बारशी याच्या घराण्याने गायलेली. त्यांची वंशावळ याला तोंडपाठ, त्यांच्या कुलदेवीची गाणीही. मी जरा चाचरत विचारलं, की हे गाताना मनात काही येत नाही? तो हसला. "बहनजी, मी पाच वेळचा नमाजी आहे. पण लहानपणी देवीचं गाणं चुकलो असतो, तर बापाने गजानेच मारलं असतं."

खरं सांगते, तेव्हाच मी मोबाइल काढून हे वाक्य टिपून ठेवलं. रमजानच्या पानासाठी छान होतं. मुसलमान गवई, हिंदू यजमान, झाला लेख. पण म्हातारा पुढे बोलत राहिला आणि माझा लेख काही तेवढा सोपा राहिला नाही.

२०१७च्या नवरात्रात याच जिल्ह्यातल्या दांतल गावात एक मांगणियार देवीपुढे गायला बसला होता. त्याचं गाणं भोप्याच्या, म्हणजे अंगात देवी येणाऱ्या भगताच्या, मनासारखं झालं नाही. त्यावरून गवयाचा जीव गेला. नंतर तिथल्या मांगणियार कुटुंबांनी गाव सोडून जैसलमेर गाठलं. बातम्या तेव्हा आपल्याकडेही आल्या होत्या. म्हातारा हे सांगताना चिडला नाही. एवढंच म्हणाला, की देणाऱ्याच्या दारात उभं राहायचं तर त्याचा हात कधी उठेल याचंही भान ठेवावं लागतं. मांगणियार या शब्दाचा अर्थच मागणारा.

त्यांना मिरासी असंही म्हणतात. हा शब्द ऐकून माझ्यातली भाषेची शिक्षिका जागी झाली. अरबी 'मीरास' म्हणजे वारसा. हाच शब्द मराठीत येऊन मिरासदार झाला, ज्याची जमीन वंशपरंपरेची, जो उपरी नव्हे, असा शेतकरी. एकाच शब्दातून इकडे जमिनीचा मालक निघाला आणि तिकडे दारावरचा गवई. पण वारसा गवयाकडेही होताच. यजमानाचं घर हीच त्याची मिरास. भावाभावांत वाटण्या होताना शेतं वाटतात तशी यांच्यात यजमानांची घरं वाटली जातात.

आणि हक्क आहे तिथे फारकतही आहे. यजमान फारच वाईट वागला तर गवई काय करी, ते त्याने सांगितलं. आपला साफा आणि वाद्याच्या तारा त्याच्या दारापुढे पुरून निघून जाई. मग त्या घरी लग्न असो की बारसं, कुणी गवई पाऊल टाकत नसे. मुक्या लग्नाची नामुष्की राजपुताला सोसवत नसे.

कोमल कोठारींनी विजयदान देथांच्या साथीने १९६०मध्ये बोरुंदा गावी रूपायन संस्थान काढलं. त्यांच्यामुळे हे गवई पुढे परदेशांतल्या मंचांवर गेले. हमीरा गावच्या साकर खान यांना कमायचासाठी २०१२मध्ये पद्मश्री मिळाली. हे सगळं मोलाचं आहेच. पण मंचावर मानधन मिळतं, हक्क नाही. 'निंबुडा'वाल्या गर्दीच्या दारात कुणी काय पुरणार?

साडेदहाच्या सुमारास सिनेगाणी सुरू झाली आणि त्याच वेळी तो उठला. जीप थांबली होती. यजमानाकडे नातू झाला होता आणि पहाटेपर्यंत गावी पोचायचं होतं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमच्या सोसायटीचं गेट. माझं बालपण कल्याणच्या दूधनाक्याजवळ गेलं. रमजानात पहाटे साडेतीनच्या सुमारास एक बाबा डफ वाजवत, गात गल्लीतून फिरे. सहरी, म्हणजे रोजा धरण्याआधीचं खाणं, चुकू नये म्हणून लोकांना उठवण्याचं हे काम. माझ्या डोंबिवलीच्या मैत्रिणीला तिच्या चाळीत येणारा वासुदेव असाच आठवतो, मोरपिसांची टोपी, चिपळ्या आणि आईने सुपात काढून ठेवलेले तांदूळ. आमचा बाबा महिनाभर काही घेत नसे. ईदच्या सकाळी दारोदार येई आणि अम्मी त्याला जे देई त्याला ती हक्क म्हणे, खैरात कधीच नाही.

आता त्याचा मुलगा फिरतो. आम्ही टॉवरमध्ये राहायला आलो, तो तिथेही येऊ लागला. गेल्या वर्षी आवाजाची तक्रार झाली आणि त्याला आत सोडायचं नाही असं मीटिंगमध्ये ठरलं. वाचकांचा अंदाज चुकू नये म्हणून सांगते, तक्रार करणारे सगळे रोजेदारच होते. मोबाइलवर अलार्म असताना हे कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी त्या मीटिंगला होते. गप्प बसले होते.

यंदा पहिल्या सहरीला माझा अलार्म वाजून गेल्यावर खालून डफ ऐकू आला, गेटबाहेरून, दबकत वाजवलेला. मी जिना उतरून खाली गेले आणि गजांमधून पाचशेची नोट पुढे केली. त्याने हात मागे घेतला.

"आत्ता नको, आपा. ईदला येतो ना दारावर. तेवढं वॉचमनला सांगून ठेवा."