तलाव भरायचा कशाने?
बंगळुरूत घरी तरणतलाव बांधायचा, तर आधी पाण्याचा हिशेब. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५ हजार लिटर मावतं. १२ हजार लिटरच्या टँकरच्या जवळपास चार खेपा. शहरात येणारी कावेरी सुमारे १०० किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणलेली. मार्च २०२४च्या टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने तलावांत पिण्याचं पाणी वापरायला बंदीच घातली. दंड ५,००० रुपये.

एकदा भरलेलं पाणी उगाच बदलू नये. गाळणी रोज चालवावी, पीएच ७.२ ते ७.८, क्लोरीन १ ते ३ पीपीएम राखावं. आणि आच्छादन हवंच (नेमकं तेच बजेटमधून गळतं!): दिवसाला ५ मिलिमीटर वाफ झाली, तरी १६० लिटर उडतात.