कारंज्याचे पाणी जाते कुठे?

आमच्या आळे गावात पाण्याचा फवारा मुलांना नवा नाही. कांद्याच्या रानात तुषार सिंचन सुरू झाले, की शाळेतून आलेली पोरे दप्तर बांधावर टाकून फवाऱ्याखाली धावतात. आया ओरडतात त्या कपडे भिजले म्हणून! हीच मुले सुट्टीत आळेफाट्यावर एसटीत बसून पुण्या-मुंबईला मामाकडे जातात आणि बागेतल्या कारंज्यात बिनधास्त शिरतात. पाणी उडते आहे, चमकते आहे, म्हणजे ते स्वच्छच असणार, असे आपणही धरून चालतो. वाहते पाणी निर्मळ, हे आपल्या मनात पक्के बसलेले असते.

पण या दोन फवाऱ्यांत मोठा फरक आहे. शेतातले पाणी एकदा उडते आणि मातीत जिरते. शहरातल्या बहुतेक कारंज्यांचे पाणी मात्र खालच्या टाकीत परतते आणि पंप तेच पुन्हा वर फेकतो. मुलांच्या पायांची धूळ, तान्ह्यांच्या लंगोटातली घाण, सारे त्यात मिसळते. ते वाहते दिसले, तरी असते साठलेलेच.

१९९७च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका प्राणिसंग्रहालयातल्या कारंज्यामुळे जुलाबाची साथ पसरली. रुग्ण होते ३६९, त्यांत बहुतेक लहान मुले. कारण होते क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी. विशेष म्हणजे त्या पाण्याला वाळूची गाळणी होती, त्यात क्लोरीनही होते! क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेत जुलाबाचे अनेक जंतू काही मिनिटांत मरतात. हा परजीवी मात्र कवचाच्या आधाराने दहा दिवससुद्धा तग धरतो. असे दूषित पाणी खेळताना घोटभर पोटात गेले, तरी पुरते.

मग मुलांना कारंज्यात जाऊच द्यायचे नाही का? मला तसे वाटत नाही. पाणी तोंडात घेऊ नये, एवढे त्यांना बजावावे. आधी शौचाला नेऊन हात साबणाने धुवावेत. जुलाब होत असलेल्या मुलाला मुळीच नेऊ नये. या परजीवीचा आजार झाला असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबावे. आपल्या मुलाइतकीच ही काळजी दुसऱ्याच्या मुलाची असते.

एवढे करूनही जुलाब लागले, तर ओआरएस लगेच सुरू करावे आणि अंगावरचे दूध तोडू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर तडक दवाखाना गाठावा.

बागांच्या फाटकावर तिकिटाचे दर मी पुष्कळदा वाचले आहेत. कारंज्याचे पाणी शेवटचे कधी बदलले, हे मात्र कुठे लिहिलेले पाहिले नाही. तिकीट काढताना तेवढे विचारायला काय हरकत आहे?