कामाच्या टेबलाला लाकूड कोणते?

मेढ्यात श्रावण लागला की घरोघरची दारे चौकटीत अडकून बसतात. खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. दिवाळी झाली, थंडी पडली की तीच दारे सैल होतात आणि वाऱ्यावर आपटू लागतात. आपण त्याला दाराचा स्वभाव म्हणतो आणि सोडून देतो. पण श्रोतेहो, हाच स्वभाव सुताराच्या कामाच्या टेबलाने दाखवला, तर त्याची भाकरी अडकते. हे मला उशिरा कळले, आणि कळेपर्यंत पैसे गेले ते माझ्या भाच्याचे.

भाचा आयटीआयमधून सुतारकाम शिकून आला. कर्ज काढून त्याने पत्र्याची शेड उभी केली. टेबलाच्या वरच्या फळीला लाकूड कोणते घ्यावे, असे त्याने मला विचारले. मी कवी माणूस, शिक्षण बी. ए.पर्यंत. लाकडातले मला काय कळणार? पण मामू म्हणून विचारले, तर मामूने सांगायलाच हवे. मी म्हणालो, "साग घे. राजा आहे तो." कर्जाचा चौथा हिस्सा दोन फळ्यांत गेला. एकेक फूट रुंद, दोन इंच जाड आणि दिसायला सोन्यासारख्या.

फळ्या मार्चमध्ये बसवल्या. वर पत्रा, बाहेर ऊन. जूनपर्यंत दोन्ही फळ्या पन्हळीसारख्या झाल्या, मधे खोलगट आणि कडा वर. त्याच टेबलावर त्याने बारा खिडक्यांच्या चौकटींचे काम केले. लांब पट्टी वाकड्या फळीवर दाबून धरली की ती फळीसारखी वाकते. रंधा मारताना सरळ दिसते. पकड सोडली की पुन्हा मूळ वळणावर जाते. चौकटींचे कोपरे जुळेनात. गिऱ्हाइकाने माल परत केला. भाचा मला एवढेच म्हणाला, "मामू, सागवान असून असं कसं झालं?"

मग आम्ही आमच्या आळीतल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी फळीवर बोटाने टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "लाकूड चांगलं हाय, पर कच्चं हाय. आन् भाई, सागवान तुमच्या कवितंत शोभंल. ठोकाठोकीच्या टेबलाला कशाला?"

या एका वाक्यात दोन गोष्टी होत्या. पहिली ओलेपणाची. झाड तोडले तरी लाकडातले पाणी लगेच जात नाही. ते जाते तसे लाकूड आक्रसते, पण सगळीकडून सारखे नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत बरेच. त्यातही वर्तुळांच्या कडेकडेने जेवढे आक्रसते, त्याच्या साधारण निम्मे गाभ्यापासून सालीच्या दिशेने. या ओढाताणीत रुंद फळी वाकते. सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून थप्पी लावली, तर एक इंच जाडीला सुमारे एक वर्ष, असा जगभरच्या सुतारांचा जुना हिशेब आहे. दोन इंचांच्या ओल्या फळीला भाच्याने दोन आठवडेसुद्धा दिले नव्हते.

आणि पुरते वाळलेले लाकूडही गप्प बसत नाही. दोन फूट रुंदीच्या सागाच्या फळीत आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सहज पाव इंचाचा फरक पडतो. म्हणून फळी खालच्या आडव्या लाकडाला खिळ्यांनी जखडायची नसते. स्क्रूची भोके लांबट ठेवायची, म्हणजे तिला सरकायला जागा राहते.

दुसरी गोष्ट लाकडाच्या निवडीची. कामाचे टेबल जड हवे. रंधा ढकलताना ते मागे सरकता कामा नये. पटाशीवर हातोडा पडला की त्याने मार खावा, नाचू नये. मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्याच्या दांडीला तूणचे हलके लाकूड घेतात, कारण तिथे लाकूड बोलके हवे. टेबलाचे लाकूड मुके असावे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन इंच जाड अशी फळी म्हणजे तीन घनफूट लाकूड. सागाची असेल तर ती सुमारे ५५ किलो भरते, बाभळीची ७०च्या आसपास.

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने सागाला १०० गुण धरून बाकीच्या भारतीय लाकडांची तुलना केली आहे. कठीणपणात बाभूळ शंभराच्या बरीच वर जाते. पण आकार टिकवणे या सदरात बहुतेक लाकडे सागाच्या खालीच राहतात. म्हणजे साग राजा आहे, हे माझे म्हणणे अगदी खोटे नव्हते. जुन्या वाड्याची सागाची तुळई कुणाला रास्त भावात मिळाली, तर जरूर घ्यावी. पन्नास वर्षे वाळलेले लाकूड कुठून मिळणार? फक्त लोहचुंबक फिरवून आतले खिळे आधी शोधावेत, नाहीतर रंध्याचे पाते जाते. पण नवा साग कर्ज काढून टेबलाला घालणे म्हणजे पैठणीचे पोतेरे करणे.

आता मेढ्याच्या माणसाने काय घ्यावे? आपला सातारा जिल्हा विचित्र आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात दहिवडीला पाचशेच्या आसपास. आमच्या जावळीत ऐन, जांभूळ, फणस, आंबा. ऐन जड आहे, मजबूत आहे, पण वाळताना चिरतो. जांभूळ पाण्यात टिकते म्हणून विहिरीला चांगले. आंबा स्वस्त, पण त्याला किडा लवकर लागतो आणि खाली भुसा पडू लागतो. चिंचेचे म्हणाल, तर मुलाण्याच्या दुकानातला ठोकळा पाहा. वर्षानुवर्षे सुरी खाऊनही त्याच्या ढलप्या मटणात येत नाहीत. त्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात. त्याच कारणाने चिंचेच्या फळीवर रंधा सरळ चालत नाही. शिवाय आंबा, फणस, चिंच, ऐन, जांभूळ आणि साग ही सगळी झाडे १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. बाभूळ त्या यादीत नाही. तरीही तोडण्याआधी वनखात्याच्या कचेरीत विचारलेले बरे.

मिस्त्रींनी बाभूळच सांगितली. ती खटाव-माणकडची, कोरड्या मुलखातली. पूर्वी नांगर, कुळव, गाडीची चाके तिचीच होत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर शिवारात आले आणि बाभळीचे हे मोठे गिऱ्हाईक हळूहळू तुटले. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात आंद्रे रूबो या सुताराने आपल्या कामावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात टेबलाला एल्म किंवा बीच हे लाकूड सांगितले आहे. ही तिथली जवळपास मिळणारी, जड, रोजची झाडे. महागडे लाकूड त्याने गिऱ्हाइकाच्या कपाटासाठी राखले.

भाच्याने बाभळीचे ओंडके आणले. मिस्त्रींच्या सांगण्यावरून ते काही महिने ओढ्याच्या डोहात बुडवून मुरवले, म्हणजे रस निघून जातो आणि किड्याची भीती कमी होते. मग तीन-तीन इंचांच्या पट्ट्या पाडल्या, सालीलगतचे पांढरे लाकूड काढून टाकले आणि टोकांना रंग फासला, कारण टोकांतून पाणी भराभर जाऊन चिरा पडतात. रुंद फळी नाही, अरुंद पट्ट्याच, म्हणजे एकीचे वाकणे दुसरी सावरते. दर महिन्याला एक खुणेची पट्टी तो किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन तोलायचा. दुकानदार चेष्टा करायचा, "काय, आज लाकूड विकायला आणलंस?" सुरुवातीला वजन झपाट्याने उतरले, नंतर तोळ्यामाशाने. तीन महिने काटा एकाच जागी थांबला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आता जोड." तोवर दीड वर्ष गेले होते. या काळात तो दुसऱ्यांच्या कामावर रोजंदारीने जात होता आणि कर्जाचे हप्ते माझी बहीण बचत गटातून भरत होती. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. मला ते बोलण्याहून जड गेले.

जुन्या सागाच्या फळ्या वाया गेल्या नाहीत. पुरत्या वाळल्यावर चिरून, रंधून त्यांच्या चार खुर्च्या झाल्या आणि विकल्याही गेल्या.

नव्या टेबलाला पॉलिश केले नाही, कारण गुळगुळीत फळीवर काम घसरते. फक्त जवसाचे तेल दोनदा चोळले. एक सांगायला हवे. या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत. भाच्याने ती अंगणातल्या तारेवर, धुतलेल्या कपड्यांशेजारी वाळत घातली. त्यावरून मात्र बहिणीने त्याला चांगलेच फैलावर घेतले.