जुनी मोठी स्कूटर घेताय? टोकन देण्याआधी एवढं तपासाच

मोबाईलवर जाहिरात येते : 'पुणे पासिंग, सिंगल ओनर, फक्त 18 हजार किलोमीटर, अर्जंट विकणे आहे.' फोटोत भारदस्त, रुंद सीटची, पुढे काच असलेली स्कूटर. गुडघ्यामुळे गिअरची गाडी जमत नाही, साध्या स्कूटरवर हायवेला पाठ धरते, आणि घरच्यांना घेऊन पंढरपूर-सोलापूर तर करायचंच असतं. अशा माणसाला ही गाडी लगेच आवडते. समोरचा म्हणतो, 'दोन गिऱ्हाईकं वेटिंगला आहेत, आज टोकन टाका.' चूक होते ती इथेच.

मोठी स्कूटर चांगली की वाईट हा प्रश्न नाही. तिचे पार्ट साध्या स्कूटरपेक्षा महाग असतात आणि तालुक्याच्या गावात प्रत्येक मिस्त्रीचा तिच्यावर हात बसलेला नसतो. म्हणून घेण्याआधी एक दिवस घालवला तर पुढचे अनेक हेलपाटे वाचतात.

कोणती गाडी कुणाच्या कामाची?

आपल्याकडे जुन्या बाजारात या प्रकारच्या मुख्यतः तीन गाड्या दिसतात.

सुझुकी बर्गमन स्ट्रीट 2018 मध्ये आली. इंजिन 125 सीसी, सीट रुंद, पायाशी सपाट जागा. पेंडीचं पोतं, किराणा ठेवता येतो. मात्र सुरुवातीच्या मॉडेलचं मागचं चाक 10 इंची आहे, खड्ड्यात ते जास्त आदळतं.

एप्रिलिया एसएक्सआर 160 ही 2020 च्या अखेरीस आली. ती पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यात बनलेली. चाकं 12 इंची, टाकी 7 लिटरची.

यामाहा एरॉक्स 155 ही 2021 ची. चाकं 14 इंची, हायवेला तिघींत सगळ्यात जोरकस, इंजिन कूलंटवर थंड होणारं. पण हिच्या दोन पायांच्या मध्ये उंच कणा आहे, पेट्रोल तिथूनच भरतात. म्हणजे पायाशी पोतं, कॅन, सिलिंडर काही ठेवता येत नाही. हिला किकही नाही.

रोजचं काम शेत, डेअरी आणि बाजार असेल तर सपाट फूटबोर्डची गाडी बरी. आठवड्यातून दोनदा 100-150 किलोमीटर हायवे असेल तर मोठं चाक आणि मोठं इंजिन कामाला येतं. लायसन्सची काळजी नको : 155 किंवा 160 सीसीची असली तरी ती विनागिअरच आहे. 18 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला विनागिअर दुचाकीच्या लायसन्सवर ती चालवता येते.

आधी कागद, मग गाडी

गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. घरबसल्या हे बघता येतं :

- आरसी चालू आहे का, पासिंगची तारीख कोणती.
- इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे.
- गाडीवर बँक किंवा फायनान्सचा बोजा आहे का. कर्ज फिटलं असलं तरी बोजा आरसीवर राहिलेला असू शकतो. तो उतरवायला फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं.
- ई-चलन बाकी आहे का. पुण्यातल्या गाड्यांवर सिग्नलच्या कॅमेऱ्याचे दंड साचलेले असू शकतात.

गाडीसमोर उभं राहिल्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अंक-अंक जुळवा. नंबर घासलेला किंवा खाडाखोड केलेला दिसला तर तिथून निघा, भाव कितीही कमी असो. विकणारा आणि आरसीवरचा माणूस वेगळा असेल तर मूळ मालकाशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर हायसिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा. कर्नाटक पासिंगची गाडी स्वस्त मिळते, पण तिला तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स आणि नवीन नंबर लागतो. तो खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही.

गाडी थंड असतानाच बघा

जाताना सांगून ठेवा : 'आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.' गेल्यावर सायलेन्सरला लांबून हात लावून बघा. गरम लागला तर समजा, गाडी आधीच तापवून ठेवली आहे. थंड इंजिनचा त्रास गरम इंजिनात लपतो.

सेल्फ मारल्यावर गाडी पटकन पकडली पाहिजे. निळसर धूर निघत राहिला तर इंजिन ऑईल खातंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, तिला घाबरायचं कारण नाही.

स्कूटरमध्ये चेन नसते, बेल्ट असतो. गाडी हळूच पुढे काढा. निघताना थरथर जाणवली तर क्लच किंवा बेल्ट झिजलाय. आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, असं झालं तर बेल्ट घसरतोय. उभी असताना डाव्या बाजूच्या बेल्टच्या डब्यातून खडखड आली तर रोलर संपत आलेत.

मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेल ओलं दिसलं तर सील गेलं. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर पडझडीची शंका घ्या. बाहेरचं फायबर नवीन आणि आतले स्क्रू गंजलेले, हीसुद्धा खूणच.

एबीएस असलेल्या गाडीत चावी फिरवल्यावर मीटरवर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पळाली की विझतो. तो विझला नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर बिघाड लपवलेला असू शकतो.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. मीटर बदलता येतो. सर्व्हिसची बिलं मागा. टायरवर चार आकडी शिक्का असतो : 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा. 12 हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीला दुसरा टायर जोड असेल, सीट आणि ग्रिप घासलेल्या असतील, तर हिशोब जुळत नाही.

भाव असा ठरवा

निघण्याआधी जवळच्या पार्टच्या दुकानात त्या मॉडेलच्या चार वस्तूंचा भाव विचारा : बेल्ट, रोलर सेट, दोन टायर, बॅटरी. पार्ट तयार मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो, तेही विचारा. यातलं जे बदलावं लागणार आहे त्याची बेरीज करून ती किमतीतून वजा करा. मालकासमोर घासाघीस करताना 'थोडं कमी करा' पेक्षा ही यादी जास्त चालते.

नाव लावल्याशिवाय व्यवहार पूर्ण नाही

'फॉर्मवर सह्या देतो, नाव नंतर लावा,' हे वाक्य दोघांनाही महागात पडतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे : गाडी विकली असली तरी आरटीओत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. त्या प्रकरणात गाडी एकापेक्षा जास्त हातांतून फिरली होती, पण नाव पहिल्याचंच राहिलं होतं.

त्यामुळे फॉर्म 29 आणि 30 भरून अर्ज लगेच करा. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्स नावावर करून घ्यायला 14 दिवस असतात. पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स असला तरी त्यात गाडी चोरीला गेल्याची भरपाई मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा. काही रक्कम नाव लागेपर्यंत मागे ठेवायची बोली आधीच करा.

घरी आणल्यावर

आधीच्या मालकाच्या शब्दावर न जाता इंजिन ऑईल आणि गिअर ऑईल दोन्ही बदला. गिअर ऑईलचा डबा वेगळा असतो, तो विसरला जातो.

बेल्टचा डबा उघडून बघून घ्या. साधारण 20 ते 25 हजार किलोमीटरला बेल्ट बदलायची वेळ येते, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. बेल्ट तुटला की गाडी जागेवर थांबते, आणि ती वेळ रात्रीच्या घाटातली असू शकते.

धुळीच्या रस्त्याला एअर फिल्टर लवकर भरतो. तेलकट कागदाचा फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो.

कूलंटच्या गाडीत बोअरचं पाणी ओतू नका. क्षार आत बसतात. कूलंट इंजिन थंड असतानाच बघा.

इंजेक्शनच्या गाडीत टाकी कोरडी होईपर्यंत पळवू नका. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

ओढ्याला पाणी असेल तर थांबा. बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं की गाडी घसरते आणि पुढे खर्च वाढतो. पावसाळ्यात पुढच्या मडगार्डमध्ये अडकलेली काळी माती रोज काढा, चाक जाम होतं.

आणि हेल्मेट दोघांनाही. गाडी जुनी चालेल, हेल्मेट मात्र नवीन आणि आयएसआयचंच घ्या.